निवडुंग, शेर, शमी आणि आपला ऊस: कमी पाण्यात जगण्याच्या तऱ्हा

रंकाळ्यावरची
चैत्रात जोतिबाला चालत जाताना दरवर्षी नजरेस पडतं. डोंगरावरचं गवत करपून गेलेलं, करवंदीची जाळीसुद्धा मलूल, आणि जिथं दोन बोटं माती नाही अशा खडकाच्या फटीत निवडुंग हिरवागार उभा. यंदा बरोबर आठवीतले चिरंजीव होते. त्यांना शाळेत शिकवलंय की वाळवंटी झाडांची पानं जाऊन काटे होतात आणि पाणी वाचतं. पानं नाहीत तर अन्न कुठं बनतं, याला "हिरव्या खोडात" एवढं उत्तर मला देता आलं. त्यावर पुढचा प्रश्न: "आई, हवा आत यायला भोकं उघडावीच लागतात ना? मग त्याच भोकातून पाणी जात नाही का?" इथं माझी गाडी थांबली. वाणिज्य शाखेची आहे मी. कुणी जाणकार सांगेल का? पुस्तकातली चार वाक्यं नकोत, ती आहेत घरात.

तांबडा_पांढरा
असल्या पोराला आमच्याकडं शिकवणीला पाठवू नका, आमचंच पितळ उघडं पडंल. आपण खाली बसून ऐकणार.

कातळफूल
रंकाळ्यावरची ताई, मुलाचा प्रश्न अगदी मर्मावर आहे. वाळवंटी झाडांचं निम्मं शास्त्र त्या एका प्रश्नात येतं, आणि काटे-बिटे त्यानंतर.

झाडाला कार्बन डायऑक्साइड लागतो, तो पर्णरंध्रांतून आत येतो. रंध्र उघडलं की आतली ओल वाफ होऊन बाहेर. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं शेकडा ९७ च्या वर पाणी असं हवेतच जातं, झाडाच्या अंगी लागतं ते उरलेलं. भात, गहू यांसारख्या पिकांना एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवायला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी घालवावं लागतं. निवडुंगाच्या तऱ्हेची झाडं तेच काम ५० ते १०० ग्रॅममध्ये भागवतात.

युक्ती अशी की ती दिवसा रंध्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री हवा गार, तिच्यात ओल जास्त, त्यामुळे पाणी कमी उडतं. पण रात्री ऊन नाही, म्हणजे साखर बनवता येत नाही. म्हणून आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमधल्या पोकळ्यांत, म्हणजे रिक्तिकांमध्ये, साठवून ठेवायचा. सूर्य उगवला की रंध्रं बंद, आम्ल फोडायचं, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आतल्या आत वापरायचा. या पद्धतीला क्रॅसुलेसियन अ‍ॅसिड मेटाबॉलिझम, थोडक्यात कॅम म्हणतात. हे नाव क्रॅसुलेसी कुळावरून पडलं, त्यात आपल्या अंगणातली पानफुटी येते.

आणि या गोष्टीची एक गाजलेली जुनी नोंद भारतातलीच आहे. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ इकडं दक्षिणेत काम करत होता. पानफुटीचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं आणि दुपारी बेचव, असं त्यानं लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं, ते १८१५ साली छापून आलं. कारण उलगडायला पुढं शंभराहून जास्त वर्षं गेली.

दुष्काळ फारच लांबला तर यातली काही झाडं रात्रीही रंध्रं उघडत नाहीत. श्वसनातून आतच तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा फिरवत राहतात. वाढ शून्य, पण जीव राहतो. पाऊस आला की काही दिवसांत कामाला लागतात.

तांबडा_पांढरा
म्हणजे शिरोली एमआयडीसीतली थर्ड शिफ्ट! कळलं बघा आता.

जुना_राजवाडा
निवडुंग म्हणजे नेमका कोणता, हे आधी ठरवा मंडळी. आमच्या लहानपणी शेताच्या बांधाला फड्या असायचा, चपट्या हातांचा. त्याची लाल बोंडं दगडावर घासून, बारीक कुसं काढून खायचो, ओठ-जीभ लालभडक व्हायची. जोतिबाला दिसतो तो वेगळा, धारांचा, मोडला की पांढरा चिक गळणारा. आणि तो फड्या नंतर कुठं गेला? त्याच्यावर कापसागत पांढरं काहीतरी यायचं एवढं आठवतंय.

कातळफूल
काका, तुम्ही बरोबर दोन वेगळी माणसं ओळखलीत. चिक निघतो तो युफोर्बिया, एरंडाच्या कुळातला आणि इथलाच. फड्या म्हणजे ओपन्शिया, खरा कॅक्टस, अमेरिका खंडातून आलेला. दोघांचं नातं काही नाही. दोन वेगळ्या खंडांत, सारख्याच तहानेपायी, दोघांनी सारखंच अंग घडवलं: मांसल हिरवं खोड, धारा, काटे. पण काट्यांचं मूळ वेगळं. कॅक्टसचे काटे पानांचे झालेले. आपल्या निवडुंगाचे काटे पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांचे. आणि आपल्या निवडुंगाला पावसाळ्यात चक्क पानं येतात! पाणी आहे तोवर पानं, ओल संपली की गाळून टाकायची आणि खोडावर भागवायचं. रंकाळ्यावरची ताई, जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा जाऊन बघा, पानं गेली हे वाक्य मुलगाच खोडून काढेल.

कुंपणाला लावतात तो शेर याहून मजेशीर. त्याची बारकी पानं भाता-गव्हासारखी दिवसा काम करतात, आणि हिरव्या कांड्या कॅम पद्धतीनं रात्री. एकाच झाडात दोन्ही. (याचा आणि निवडुंगाचा चिक डोळ्यांत जाऊ देऊ नका. गंमत नाही, डोळ्याला मोठी इजा होते.)

तुमचं कापसागत पांढरं म्हणजे कोचिनील किडा. चिरडला की लाल रंग निघतो, कापड रंगवायला त्याची मोठी किंमत होती. कंपनी सरकारला तो धंदा हवा होता, म्हणून १७९५ मध्ये ब्राझीलहून किडा आणला. आला तो भलत्याच जातीचा. रंग हलका निघाला, पण त्या वेळी पसरलेल्या एका जातीचा फड्या त्यानं मोठ्या मुलखातून साफ केला. पुढं १९२६ च्या सुमारास दुसऱ्या जातीचा फड्या आवरायला दुसरा कोचिनील श्रीलंकेमार्गे मुद्दाम आणला, आणि तो नेमका लागू पडला. तुमच्या बांधावर बहुधा त्याचीच वंशावळ होती.

उन्हातान्हाला पुरून उरणारं झाड एका मऊ किड्यापुढं हरलं, हे मला फार बोलकं वाटतं. दुष्काळ सोसण्याची तयारी वेगळी आणि शत्रू सोसण्याची वेगळी.

उसाचा_फड
ताई, एक इचारू का. मी शिरोळचा. जो तो उठतोय आन् ऊसवाल्यास्नी बोल लावतोय, ऊस पाणी पितो, ऊस पाणी पितो. आन् परवा एका व्हिडिओत कृषीवाला सांगत हुता, ऊस सी-फोर हाय, पाणी वाचवणारं पीक हाय. नाद खुळा! मग आमी रात्रीच्या लाइटीला मोटर चालू कराय कशापायी जातो?

कातळफूल
दादा, दोघंही खरं बोलतात.

सी-फोर ही कार्बन डायऑक्साइड पकडण्याची आणखी एक पद्धत, तिचा शोधच उसात लागला. हवाईतल्या ऊस संशोधकांना आधी वेगळं काही दिसलं, ते १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं. मग ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये सगळी साखळी मांडली. कॅममध्ये आम्ल साठवणं रात्री आणि फोडणं दिवसा, म्हणजे वेळेची वाटणी. उसात दोन्ही कामं दिवसाच, पण जागेची वाटणी: पानाच्या बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून आम्ल करतात आणि शिरेभोवतीच्या पेशींना पुरवतात, तिथं तो दाटतो आणि साखर बनते. आत दाटवण्याची सोय असल्यानं रंध्रं फार ताणून उघडावी लागत नाहीत. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइडला २५० ते ३०० ग्रॅम पाणी, म्हणजे भाताच्या मानानं साठ टक्क्यांच्या आसपास. व्हिडिओवाला इथपर्यंत बरोबर.

आता दुसरी बाजू. ऊस वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष शेतात उभा. एकरी टनांनी हिरवा माल करायचा, म्हणजे ग्रॅमला कमी लागलं तरी ग्रॅम किती? पिकाची गरज १५०० ते २५०० मिलिमीटर धरतात, आणि तुमच्याकडं पाऊस पाचशे-सहाशे. उरलेलं पंचगंगा-कृष्णेतून उपसायचं. त्यात पाटानं मोकळं सोडलेलं पाणी सगळं उसातून जातच नाही, मातीतून उडतं, खाली मुरतं. शिरोळ तालुक्यातली क्षारपड जमीन त्याचीच साक्ष आहे. सी-फोर हे मुळात रखरखीत ऊन आणि उष्ण हवा यांच्यासाठीचं हत्यार. पाणी वाचणं हा त्याचा जोडफायदा. त्याच्यामुळं ऊस वाळवंटी झाड ठरत नाही.

उसाचा_फड
क्षारपडीचं नाव काढू नगा, दुखणं हाय ते. आमच्या पाव्हण्यांनी जतला ड्रॅगन फ्रूट लावलंय, ते तुमच्या रात्रपाळीतलं का?

कातळफूल
हो, पक्कं रात्रपाळीतलं. वेलासारखा चढणारा कॅक्टस, फुलंही रात्रीच उमलतात. पण त्याचं मूळ घर मध्य अमेरिकेतली उष्ण जंगलं, झाडांच्या आधारानं चढायचं, अर्धी सावली. म्हणून कॅक्टस असूनही एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्या फांद्या पिवळ्या पडून भाजतात. पाव्हण्यांना सावलीच्या जाळीचं विचारा.

थारवरून
मूळचा उत्तरेश्वर पेठेतला, नोकरीनं जैसलमेरकडं. इथं वर्षाला २०० मिलिमीटरच्या आत पाऊस, तोही आला तर. म्हणून दोन शब्द.

कॅक्टस म्हणजे वाळवंट अशी चित्रं बघून आलो होतो. थारमध्ये पायवाटेला भेटतं ते झुडूप आणि झाड, आणि त्यांचा राजा खेजडी. ती म्हणजे आपली शमी. दसरा चौकात छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होतं, तेव्हा गर्दीत टाचा उंचावून बघितलेलं झाड इथं बाजरीच्या रानात सुटं सुटं उभं असतं. शेतकरी तोडत नाहीत, तिच्याखाली पीक उलट चांगलं येतं म्हणतात. ऐन उन्हाळ्यात, सगळं होरपळत असताना, तिला नवी पालवी फुटते आणि उंट-शेळ्यांना चारा मिळतो. पाणी साठवायचं, रात्रपाळी करायची, यातलं काही ती करत नाही. तिची मुळं खोल जातात, एवढंच. जोधपूरजवळ खेजडलीत १७३० साली याच झाडांसाठी अमृतादेवींसह ३६३ बिष्णोईंनी जीव दिला.

केर नावाचं झुडूप तर बिनपानाचंच, नुसत्या हिरव्या काड्या. आपल्याकडं सोलापूर-नगरच्या माळावर त्यालाच नेपती म्हणतात. त्याची फळं आणि खेजडीच्या शेंगा मिळून इथली केर-सांगरीची भाजी होते. तिखट आपल्यापेक्षा कमीच, पण चालतं.

मला न कळलेली गोष्ट म्हणजे तुंबा, आपलं कडू इंद्रायण. वाळूवर पसरतो आणि पानं अगदी कलिंगडासारखी पातळ, हिरवी. ना मेण, ना काटे. तो कसा तगतो?

कातळफूल
थारवरून, फार चांगलं झाड आणलंत. तुंबा काटकसर करतच नाही, उधळतो! खालच्या ओलीपर्यंत मूळ पोचलेलं असतं, आणि दुपारी तो भरपूर पाणी पानांतून सोडतो. त्या बाष्पीभवनानं पान भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहतं. पान तोडून पुरवठा बंद केला की तेच पान त्या उन्हात भाजून निघेल. पन्नासच्या दशकात सहारातल्या झाडांवर हे मोजलं गेलं.

म्हणून वाळवंटी झाड म्हणजे काटकसरी झाड, हे समीकरण मला पटत नाही. खोल मुळांचा कळस ऐकायचाय? अ‍ॅरिझोनात टूसॉनजवळ खाणीचं काम चालू असताना ५३ मीटर खोलीवर मेस्क्वाइटची मुळं सापडली. आपल्याकडं पसरलेल्या वेड्या बाभळीची ही सख्खी नातेवाईक. कालाहारीत एका झाडाची मुळं ६८ मीटरवर मिळाली. याच्या अगदी उलट सग्वारो, तो अ‍ॅरिझोनाचा उंच हात पसरलेला कॅक्टस: बारा मीटर उंचीचा, पण बहुतेक मुळं वीतभर मातीत, चहूकडं दूरवर पसरलेली. त्याला खोलातलं पाणी नकोच आहे, वरून पडणारी सर पकडायचीय. पाणी मिळालं की खोडाच्या धारा फुगतात, संपत आलं की आत ओढल्या जातात.

आणि आणखी एक तऱ्हा, दुष्काळाला तोंडच न देण्याची. बी म्हणून वाळूत पडून राहायचं. अशा काही बियांच्या सालीत उगवण रोखणारी रसायनं असतात. हलक्या सरीनं ती धुतली जात नाहीत, भरपूर पाऊस झाला तरच जातात. मग काही आठवड्यांत रोप, फूल, बी आणि मोकळं.

गच्चीबाग
राजारामपुरीत गच्चीवर कॅक्टस आणि सक्युलंट सांभाळते. माझा प्रश्न उलटा आहे. वाळवंटात जगणारं झाड आपल्या जुलैत आठवडाभरात बुंध्याशी मऊ होऊन का कोसळतं? जूनच्या आधी सगळ्या कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली नेते, मातीत निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटकरीचा चुरा घालते, तेव्हा तगतात. लिथॉप्सला (गोट्यासारखं दिसणारं दोन जाड पानांचं सक्युलंट) मात्र जुनी पानं सुकून नवी येत असताना पाणी दाखवायचं नाही, हा नियम न पाळणाऱ्या मैत्रिणींना मी रोप देणं बंद केलंय.

कातळफूल
पाणी रोखून धरायला बनलेल्या शरीराला जास्तीचं पाणी टाकता येत नाही, हे त्याचं कारण. रंध्रं थोडी, वर जाड मेण, दिवसा सगळं बंद. आत पाण्यानं भरलेली मऊ पेशींची गादी, बुरशीला आयतं जेवण. मुळांची तर वेगळीच तऱ्हा. सर आली की कॅक्टसला थोड्याच वेळात बारीक नवी मुळं फुटतात, आणि कोरडं पडलं की ती झडतात. मोठी मुळं आकसतात, मूळ आणि माती यांच्यात हवेची फट पडते, त्यामुळे साठवलेलं पाणी कोरड्या मातीत परत गळत नाही. आपल्या सततच्या पावसात ती फट भरून राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि सड सुरू होते.

लिथॉप्सचा तुमचा नियम योग्य आहे. नवी पानजोडी जुन्या जोडीतलं पाणी शोषून वाढते, वरून दिलं की जुनी सुकतच नाहीत. ते झाड रानात जवळपास सगळं जमिनीत असतं. वरच्या पारदर्शक टोकातून उजेड आत उतरतो आणि आतल्या भिंतींवरच्या हरितद्रव्याला मिळतो.

किंमत आणखी एक, वेळ. सग्वारोचं रोप पहिल्या आठ वर्षांत जेमतेम दीड इंच होतं. पहिला हात फुटायला पन्नास-सत्तर वर्षं, कधी त्याहून जास्त.

रंकाळ्यावरची
सगळं वाचून दाखवलं. चिरंजीव म्हणतात, आपल्याकडं एवढा पाऊस पडतो, मग आपल्या डोंगरावर वाळवंटी झाड आलंच कशाला?

कातळफूल
कारण झाड पावसाचा आकडा वाचत नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो चार महिन्यांत. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जांभ्या दगडावर इंच-दोन इंच माती. सप्टेंबरात तिथं पाय ठेवला तर बूट बुडतो, डिसेंबरात तीच माती भुसभुशीत धूळ. पुढचे सहा-सात महिने त्या जागेवरच्या झाडाला थारपेक्षा फार वेगळे नाहीत. म्हणून आपल्या सड्यांवर, म्हणजे अशा कातळाच्या पठारांवर, दोन्ही संकटं सोसणारी झाडं मिळतात, आधी बुडणं आणि मग करपणं. माझ्या मते ती अ‍ॅरिझोनाच्या कॅक्टसपेक्षा जास्त कसलेली आहेत, पण त्यांची चित्रं टी-शर्टवर येत नाहीत!

त्यातली कंदिलपुष्पं जमिनीखालच्या कंदात उन्हाळा काढतात. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागानं त्यांच्यावर मोठं काम केलंय. आणि काही गवतं, नेचे तर सरळ वाळूनच जातात. कंद नाही, साठा नाही, पान चुरगळलं तर भुगा होईल इतकी कोरडी. पहिला पाऊस लागला की तेच पान, नवं नव्हे, काही तासांपासून दिवसाभरात पुन्हा हिरवं. साखरेचे आणि प्रथिनांचे काही रेणू पेशीतल्या नाजूक भागांना धरून ठेवतात, म्हणून मोडतोड होत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पश्चिम घाटातून अशा ६२ जातींची यादी केली, त्याआधी भारतातून जेमतेम नऊ माहीत होत्या.

जुना_राजवाडा
देवळाबाहेर संजीवनी म्हणून वाळकी मूठ विकतात, पाण्यात टाकली की उलगडते. ती यातलीच?

कातळफूल
बहुधा सेलाजिनेला, हो, यातलीच. पण नुसतं उलगडणं हा जिवंतपणाचा पुरावा नाही. मेलेल्या पेशीही पाणी पिऊन ताठ होतात. दोन दिवसांत हिरवा रंग परतला तर जिवंत, तपकिरीच राहिली तर पैसे गेले.

रंकाळ्यावरची
शाळेत प्रयोग करायचाय, पानफुटीचा. चाखून बघायचं का?

कातळफूल
चाखणं टाळा. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरांना विषबाधा होते. मूतखड्यावर खातात हे माहीत आहे, मुलांच्या प्रयोगात नको.

एकाच झाडाची, एकाच वयाची जून पानं घ्या, कोवळ्यात फरक कमी दिसतो. एक तोडणी सूर्य उगवायच्या आधी, दुसरी दुपारी चारला. दोन्ही वेळा पान वजन करून, तेवढंच पाणी घालून खलात वाटा, गाळा. फिनॉल्फथॅलिनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणारं द्रव्य) दोन थेंब टाकून सौम्य कॉस्टिक सोडा थेंबाथेंबानं घाला आणि गुलाबी व्हायला किती थेंब लागले ते मोजा. कॉस्टिक सोडा शिक्षकांनीच हाताळायचा. पहाटेच्या रसाला बरेच जास्त लागतील. तुलनेला जास्वंदीचं पान ठेवा. आणि हे डिसेंबर-जानेवारीत करा. रात्र गार असेल तर आम्ल चांगलं साठतं, मेच्या उकाड्यात फरक कमी पडेल.

उसाचा_फड
जास्वंद कशाला, ऊस घ्या की. वाढ्याचा भारा पाठवतो गाडीबरोबर.

कातळफूल
भारा नको दादा, शेंड्याकडून तिसरं-चौथं पूर्ण उघडलेलं पान चालेल, पण पहाटेचं आणि दुपारचं वेगवेगळं, ओल्या फडक्यात गुंडाळून. उसातही मॅलिक आम्ल बनतं, पण बनल्यावर काही क्षणांत पुढच्या पेशीत जाऊन फुटतं, रात्रभर साठत नाही. म्हणजे थेंबांच्या आकड्यात पानफुटीसारखी तफावत यायला नको. मुलाला आधी अंदाज लिहायला लावा, मग मोजू दे.